मुंबईसाठी शिडीच्या नव्या गाड्या: उंची आधी पाहायची की पोहोच?

माझगावकर (धागालेखक)

अग्निशमन दलासाठी शिडीची गाडी घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती मजल्यांपर्यंत जाते? वर्तमानपत्रांतही तोच आकडा मथळ्यात येतो. मुंबईसारख्या शहरात हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर हवा असं मला वाटतं. गाडी गेटातून आत जाते का, जॅक (गाडी स्थिर ठेवायला बाजूंनी निघणारे पाय) पूर्ण उघडायला जागा आहे का, खालची जमीन भार घेईल का आणि पाळणा (टोकाला माणसं उभी राहतात ती पेटी) आडवा किती लांब जातो, हे आधी पाहायला हवं. उंची त्यानंतर.

चर्चा एका पातळीवर राहावी म्हणून प्रकार सांगून ठेवतो.

टर्नटेबल लॅडर म्हणजे फिरत्या चकतीवरची सरळ, एकात एक सरकणारी शिडी. युरोपात ३० ते ३२ मीटरचा वर्ग सर्वाधिक चालतो. दोन ॲक्सलच्या, साधारण १५ ते १६ टनांच्या चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) ती बसते. गाडीची लांबी दहा मीटरच्या आसपास, रुंदी अडीच मीटर. मागिरुस आणि रोझेनबाउअर हे यातले मोठे उत्पादक. दोघांकडे शेवटचा तुकडा वाकणारी शिडी मिळते.

हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म म्हणजे सांध्यात दुमडणारे किंवा सरकणारे दंड आणि टोकाला मोठा पाळणा. दंडाच्या कडेने बचावाची शिडीही जोडली की त्याला एएलपी (एरियल लॅडर प्लॅटफॉर्म) म्हणतात. ५० मीटरच्या वर बहुतेक खरेदी याच प्रकाराची होते. ९० मीटरचा प्लॅटफॉर्म मुंबईच्या दलाकडे आहे. फिनलंडची ब्राँटो कंपनी ११२ मीटरपर्यंत जाते.

एक खुलासा. प्लॅटफॉर्मच्या माहितीपत्रकातली ‘वर्किंग हाइट’ पाळण्याच्या तळापेक्षा साधारण २ मीटर जास्त धरलेली असते. म्हणजे ९० मीटरच्या यंत्राचा पाळणा ८८ मीटरवर थांबतो. मजल्याची उंची ३ मीटर धरली, तर ३२ मीटरची शिडी नवव्या-दहाव्या मजल्यापर्यंत आणि ९० मीटरची तिसाव्याच्या आत-बाहेर जाते. हा हिशेब गाडी भिंतीला जवळजवळ चिकटून उभी आहे असं मानून केलेला आहे, आणि मुंबईत तशी ती क्वचितच उभी राहते.

तर नव्या गाड्या निवडताना पहिली अट कोणती घालाल, आणि का?

आखणी

पहिली अट: पोहोचीचा आलेख. उत्पादकाने नुसता उंचीचा आकडा द्यायचा नाही. कोणत्या कोनात, पाळण्यात किती वजन असताना, आडवं किती अंतर, याचा पूर्ण आलेख द्यायचा, आणि तोही जॅक पूर्ण उघडे असताना एक व एका बाजूला आखडलेले असताना दुसरा.

हे कशासाठी, ते पोडियमच्या उदाहरणावरून दिसेल. नव्या मनोऱ्यांना खाली पाच मजली पार्किंगचा पोडियम असतो, आणि मनोरा त्याच्या कडेपासून आत सरकलेला असतो. समजा पोडियम १५ मीटर उंच आहे, मनोऱ्याची भिंत पोडियमच्या कडेपासून ९ मीटर आत आहे आणि फिरत्या चकतीचा मध्य पोडियमपासून ४ मीटरवर आहे. शिडी चकतीवर साधारण २ मीटर उंचीवरून सुरू होते आणि पूर्ण उघडल्यावर ३० मीटर लांब होते.

भिंत चकतीपासून १३ मीटरवर. ३० मीटरची सरळ शिडी १३ मीटर आडवी नेली तर टोक २९ मीटरवर जायला हवं. कागदावर नववा मजला मिळाला. प्रत्यक्षात हीच शिडी पोडियमच्या कडेजवळ फक्त १० मीटर उंचीवर असते, म्हणजे १५ मीटरच्या पोडियमला मधेच जाऊन धडकते. पोडियमच्या कडेवरून जायचं तर कोन ७३ अंशांपर्यंत उभा करावा लागतो. त्या कोनात शिडी आडवी ८.८ मीटरच जाते. भिंत अजून सव्वाचार मीटर दूर. खिडकीतला माणूस समोर दिसतो, पण हात पोहोचत नाही.

आता वाकणारी शिडी घ्या. टोकाचा तुकडा ४.७ मीटर आणि तो आडवा होतो असं धरा. त्याच जागेवरून ती १२ मीटरपर्यंत जाते, भिंतीला एक मीटर कमी पडते. पण गाडी दोन मीटर मागे घेऊन चकती पोडियमपासून ६ मीटरवर आणली, तर कोन ६५ अंशांवर येतो आणि वाकलेली शिडी १५.३ मीटर आडवी, २५ मीटर उंचीवर जाते. भिंत १५ मीटरवर आहे. पोहोचली. सरळ शिडी तिथूनही अडीच मीटर कमीच पडते.

मागे सरकून जास्त पोहोच मिळते हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं, पण पोडियमच्या बाबतीत ते खरं आहे. अडचण मोकळ्या जागेची. जॅक दोन्हीकडे उघडल्यावर पाच मीटर रुंदी लागते, म्हणजे मध्यापासून अडीच-अडीच. इमारतीभोवती मोकळी जागा ६ मीटरच असेल तर चकतीचा मध्य पोडियमपासून जास्तीत जास्त ३.५ मीटरवर नेता येतो. ६ मीटरवर न्यायला साडेआठ मीटरची मोकळी जागा हवी.

हा नुसता भूमितीचा हिशेब झाला, भाराची मर्यादा यात धरलेली नाही. ती आलेखात पाहायची. पाळण्यात तीन माणसं बसली की आडवी पोहोच कमी होते, एकटा जवान असेल तर वाढते.

वर्दी१०१

आखणी, गणित बरोबर आहे. माझी पहिली अट मात्र त्याच्याही आधीची आहे, कारण गाडी पोडियमपर्यंत पोहोचलीच नाही तर आलेख फाइलमध्येच राहील.

गिरगावातल्या वाड्या, काळबादेवी, भुलेश्वर, डोंगरी, लालबागच्या आतल्या गल्ल्या. इथे बहुतेक इमारती चार-पाच मजली. १५ ते १८ मीटर उंची पुरते, पण रस्ता मिळत नाही. दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाकी, आडव्या केबल, दुकानांच्या पुढे आलेल्या पत्र्याच्या शेड, वर्षा वृक्षांच्या रस्त्यावर वाकलेल्या फांद्या. उपनगरांत त्यात स्कायवॉक आणि मेट्रोच्या खांबांची भर पडते. रुळांलगतच्या इमारतींजवळ रेल्वेच्या २५ केव्ही तारा आहेत. तिथे वीज बंद झाल्याचं नक्की कळल्याशिवाय शिडी फिरवता येत नाही.

म्हणून गाडी ठरवण्याआधी केंद्रनिहाय पाहणी हवी. टेप आणि लेझर घेऊन प्रत्येक केंद्राच्या हद्दीतले किमान वीस अवघड पत्ते मोजायचे. नोंदायचं ते एवढं:

वळणाच्या आतल्या आणि बाहेरच्या कोपऱ्यातलं अंतर. सर्वांत खाली लोंबणारी तार किंवा फांदी किती मीटरवर आहे. गेटची रुंदी, आणि कमान असेल तर उंची. चढाचा कोन. गटारांची झाकणं कुठे आहेत. दिवसा आणि रात्री गाड्या लावल्यावर उरणारी रुंदी. रात्रीची बहुधा कमी निघते, आणि माणसं घरात असतात तीही रात्रीच.

वळणात आणखी एक गोष्ट सुटते. टर्नटेबल लॅडरचा पाळणा बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या केबिनच्या पुढे आलेला असतो. चाकं वळतात, पण पाळण्याचा कोपरा चाकांच्या रेषेबाहेर फिरतो. आराखड्यात चाकांचा मार्ग बसतो आणि प्रत्यक्षात पाळणा समोरच्या दुकानाच्या शटरला लागतो. म्हणून ‘भिंतीपासून भिंतीपर्यंत’ वळणवर्तुळ मागायचं, ‘कर्बपासून कर्बपर्यंत’ नाही. मागचा ॲक्सल वळणारी चासी घेतली तर हे वर्तुळ चांगलंच कमी होतं. ती महाग आहे, पण दक्षिण मुंबईच्या केंद्रांसाठी मी तीच मागेन.

जॅकबद्दल. जॅक हवे तेवढेच उघडता आले पाहिजेत आणि चारही स्वतंत्र. भिंतीकडचे आखडलेले, कामाच्या बाजूचे पूर्ण उघडे, असं लावता आलं तर अरुंद गल्लीत निम्मं काम होतं. यंत्राचा संगणक प्रत्येक जॅक किती उघडला ते मोजतो आणि त्या बाजूची पोहोच आपोआप कमी करतो. काही जुन्या यंत्रांत जॅक पूर्ण उघडले नाहीत तर शिडी उचलतच नाही. तशी गाडी मुंबईत नको.

निविदावाचक

दोघांशी सहमत होऊनही एक हरकत नोंदवतो. सगळा भर छोट्या शिड्यांवर गेला तर उंच इमारतींचं काय? करी रोडची ऑक्टोबर २०२१ ची आग १९ व्या मजल्यावर होती, ताडदेवची जानेवारी २०२२ ची १८ व्या मजल्यावर. दोन्ही ३२ मीटरच्या शिडीच्या खूप वर. पुनर्विकासाने परळ, लालबाग, चेंबूरची उंची बदलली आहे. वीस-बावीस मजल्यांची पुनर्वसन इमारत आता सगळीकडे दिसते, आणि त्यांना मोकळ्या जागेत सवलतही मिळालेली असते.

दुसऱ्या टोकाला वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीची आग आहे, २२ जुलै २०१९. नऊ मजली इमारत, माणसं गच्चीवर गेली आणि ८४ जणांची सुटका झाली. उंचीचा प्रश्न नव्हता, फेऱ्यांचा होता. पाळण्याची क्षमता ४०० किलो धरली तर एका जवानाबरोबर आणखी चार माणसं उतरतात. एका फेरीला पाच मिनिटं धरली, तर एकाच शिडीला २१ फेऱ्या, म्हणजे पावणेदोन तास. दोन शिड्या लागल्या तर वेळ निम्मा. शिवाय पाळणा न हलवता, शिडी गच्चीला टेकवून, धडधाकट माणसांना पायऱ्यांनी उतरवलं तर वेग कितीतरी वाढतो. म्हणून बचावासाठी नुसता पाळणा नको, चालता येईल अशी शिडी हवीच. एएलपी आणि नुसता प्लॅटफॉर्म यांत निवड असेल तर एएलपी घ्यावी.

आखणी

@निविदावाचक, मधल्या उंचीची गरज मान्य. ५५ ते ७० मीटरचा वर्ग मुंबईला लागतोच. पण ९० मीटर आणि त्यावर जाताना वाऱ्याचा हिशेब समोर ठेवा.

अशा यंत्रांची मर्यादा सहसा सेकंदाला १२.५ मीटर वाऱ्याची असते, म्हणजे ताशी ४५ किमी. शहरी भागात उंचीबरोबर वारा कसा वाढतो त्याचं साधं सूत्र लावलं, तर १० मीटरवरचा वारा ९० मीटरवर साधारण दीडपट होतो. खाली ताशी ३० किमीचा वारा असेल तर वर मर्यादा आलीच. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे दीडपट वेग म्हणजे सव्वादोन पट जोर. जून ते सप्टेंबरमध्ये वरळी, दादर, वांद्र्याच्या किनाऱ्यालगत खालचा ३० किमीचा वारा ही नवी गोष्ट नाही.

म्हणून वारामापक पाळण्यातच हवा आणि त्याचा आकडा खाली यंत्रचालकाला दिसला पाहिजे. चकतीजवळ बसवलेला वारामापक ९० मीटरवरचं काही सांगत नाही.

आणि वरळीचा वर्ल्ड वन २८० मीटर आहे. तिथे बाहेरून कुठलीच शिडी पुरणार नाही. त्या उंचीवर वेट रायझर (इमारतीतला पाणी भरलेला उभा नळ), स्प्रिंकलर, फायर लिफ्ट आणि आश्रय मजला हेच चालले पाहिजेत. अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कच्या आगीत, जुलै २०१४ मध्ये, वरच्या मजल्यांवर गेलेले जवान अडकले, काहींना नौदलाच्या हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं आणि नितीन इवलेकर हे जवान गेले. उंच इमारतीत जवान आतून चढतात. त्यांच्या परतीची वाट इमारतीतच शाबूत असली पाहिजे, तो भार शिडीच्या गाडीवर टाकता येत नाही.

तेलपाणी

पाणी आणि हायड्रॉलिक्स यांवर कोणी बोललं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पाणी. दर १० मीटर चढाला जवळजवळ १ बार दाब खर्च होतो. पाळणा ७० मीटरवर आणि मॉनिटरला (पाळण्यावरच्या पाण्याच्या तोफेला) ७ बार हवेत, तर चढाचे ७ आणि वरचे ७ मिळून १४, त्यावर नळीतल्या घर्षणाचा दाब. पंपाला १६ बारच्या आसपास द्यावे लागतात. निविदेत पंपाचा प्रवाह १० बारला लिहिलेला असतो आणि तो आकडा पाहून सगळे खूश होतात. १६ बारला तोच पंप किती लिटर देतो ते विचारा. पाणी दुसऱ्या बंबाकडून घेणार असाल तर त्या बंबाचा पंप आणि मधले होज तेवढ्या दाबाला चाचणी केलेले हवेत. नाहीतर पाळणा वर आणि फुटलेला होज खाली.

मॉनिटरचा धक्काही पाहा. ७ बारला मिनिटाला २००० लिटर सोडले की मागे साधारण १२५ किलोचा रेटा बसतो, ३८०० लिटर सोडले की २४० किलोचा. पूर्ण उंचीवर, आडव्या पोहोचीच्या टोकाला हा रेटा दंडावर बाजूने आला तर यंत्र मर्यादेत जातं. ‘मॉनिटर क्षमता ३८०० लिटर’ एवढं लिहून भागत नाही. कोणत्या उंचीला, कोणत्या कोनापर्यंत, आणि पाळण्यात किती माणसं असताना, ते लिहून घ्या.

जॅक आणि दंड खाली सरकणं. स्वीकृती चाचणीत पाळण्यात पूर्ण भार ठेवून, इंजिन बंद करून, तासभर यंत्र उभं ठेवतात आणि पाळणा किती खाली आला ते मोजतात. इथे एक चूक नेहमी होते. यंत्र बराच वेळ चालवल्यावर तेल ७० अंशांवर असतं. तासाभरात ते ४० वर आलं तर तेलाचं आकारमान साधारण २ टक्क्यांनी कमी होतं. सिलिंडरमध्ये २ मीटर तेलाचा स्तंभ असेल तर दांडा ४ सेंटिमीटर आत जातो आणि दंडाच्या लांबीमुळे टोकाला ते कितीतरी पटीने दिसतं. लोक म्हणतात, झडप गळते. झडप ठीक असते, तेल थंड झालेलं असतं. म्हणून चाचणीच्या सुरुवातीला आणि शेवटी तेलाचं तापमान नोंदवा. तापमान स्थिर असताना सरकत असेल, तरच झडप किंवा सील. याच्या उलटही होतं: थंड तेलावर सकाळी चाचणी घेतली की तेल उन्हात फुगून गळती झाकली जाते.

तेलाचा ग्रेडही विचारा. थंड देशात भरून आलेलं पातळ तेल मुंबईच्या मे महिन्यात फारच पातळ होतं, हालचाल झटक्याची होते आणि पंपाची झीज वाढते. इथल्या तापमानाला चालणारा ग्रेड उत्पादकाकडून लेखी घ्या आणि गाडी मुंबईत पोहोचल्यावर पहिल्या भरण्यालाच बदला.

खारी हवा. सगळ्यात जास्त गाड्या बंद पडतात त्या दंड मोडून नाही, सेन्सर आणि वायरींच्या जोडांमुळे. कोन मोजणारे एन्कोडर, जॅकचे प्रॉक्सिमिटी सेन्सर, पाळण्यातल्या जॉयस्टिकचे प्लग. दोन पावसाळ्यांत पिनांवर हिरवी पुटं चढतात. एक सेन्सर चुकीचा आकडा देऊ लागला की संगणक यंत्र सुरक्षित स्थितीत टाकतो, आणि चकती फिरायची थांबते. ते बरोबरच आहे, पण वर माणसं असताना खाली आणायचं कसं, हे यंत्रचालकाला डोळे मिटून करता आलं पाहिजे. आपत्कालीन उतरणीचा हातपंप किंवा बॅटरीवरचा पंप कुठे आहे, कोणती झडप आधी उघडायची, याची रंगीत पाटी मराठीत चकतीजवळ लावायची अट निविदेतच घाला.

सातासमुद्रापार

अमेरिकेत राहतो, म्हणून एक शंका. इथे सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत टिलर चालतात. पुढे ट्रॅक्टर, मागे शिडीचा ट्रेलर, आणि ट्रेलरची मागची चाकं वळवायला वेगळा चालक. चढउताराच्या अरुंद रस्त्यांत त्या सहज वळतात. मुंबईला का नको?

आणि एक माहिती. इथल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या मानकात शिडीच्या टोकाला किमान २५० पौंड आणि प्लॅटफॉर्मला किमान ७५० पौंड क्षमता लागते. युरोपचा निकष वेगळा आहे: शिडीला ईएन १४०४३, प्लॅटफॉर्मला ईएन १७७७. दोन वेगवेगळ्या मानकांच्या गाड्यांचे आकडे एका तक्त्यात शेजारी लावले तर तुलना चुकते.

वर्दी१०१

@सातासमुद्रापार, टिलर वळतो छान, पण एकूण लांबी १८ मीटरच्या घरात जाते. भायखळ्यासारख्या जुन्या केंद्रांत उभा करायला जागा काढावी लागेल, आणि गल्लीत वळला तरी थांबल्यावर गल्ली पूर्ण बंद. मागून येणारा पाण्याचा टँकर अडकतो. शिवाय दर पाळीला मागच्या चाकांचा प्रशिक्षित चालक वेगळा. इथे मागचा ॲक्सल वळणारी छोटी गाडी जास्त उपयोगाची.

केंद्राचा मुद्दा निघालाच आहे तर हेही लिहितो: दरवाज्याची उंची, रुंदी, आतल्या फरशीची ताकद आणि बाहेरच्या उताराचा कोन मोजल्याशिवाय चासी ठरवू नका. मागचा भाग चाकांच्या फार बाहेर असेल तर उतारावर शेपटी घासते.

मानकांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. निविदेत एकच मानक लिहावं आणि चाचणीही त्याच मानकाने घ्यावी.

निविदावाचक

निविदेच्या मजकुराबद्दल माझी भर.

‘किमान उंची ६४ मीटर’ अशी एकच कडक अट घातली आणि बाकी सगळं सैल सोडलं, तर स्वस्त निविदा तेवढी उंची दाखवून पात्र ठरते आणि जॅक, वळण, पोहोच, सेवा सगळं मागे पडतं. त्याऐवजी तीन खरे पत्ते द्या. एक पोडियमची इमारत, एक गल्लीतली चाळ, एक किनाऱ्याजवळचा मनोरा. त्यांचे मोजमापाचे नकाशे जोडा. प्रत्येक उत्पादकाने त्या नकाशांवर गाडी कुठे उभी राहील, जॅक किती उघडतील, पाळणा कुठपर्यंत जाईल ते आखून द्यायचं. गाडी आल्यावर त्याच पत्त्यांवर प्रात्यक्षिक. आखलेलं जमलं नाही तर स्वीकृती नाही.

दुसरं, गाड्यांची संख्या. समजा एक उंच गाडी वर्षात ८५ टक्के दिवस चालू असते. उरलेले १५ टक्के म्हणजे ५५ दिवस शहरात उंच शिडीच नाही. दोन गाड्या असतील आणि त्यांची दुरुस्ती एकमेकींवर अवलंबून नसेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचे दिवस वर्षाला आठाच्या आसपास येतात. नियोजित देखभाल वेगवेगळ्या महिन्यांत ठेवली तर त्याहून कमी. एक शंभर मीटरची घेण्यापेक्षा सत्तर मीटरच्या दोन, एक शहरात आणि एक उपनगरात, हा माझा कौल त्यासाठीच.

तिसरं, सेवा. मुंबईतच ठेवायच्या सुट्या भागांची यादी करारात हवी: हायड्रॉलिक होजचा एक संच, प्रत्येक प्रकारच्या सेन्सरचे दोन, एन्कोडर, जॉयस्टिक, सील किट, फिल्टर, नियंत्रण कार्ड, चकतीतल्या फिरत्या जोडाचे सील. गाडी बंद राहिल्याच्या दर दिवसाला दंड, आणि ‘बंद’ म्हणजे काय याची व्याख्या. शिडी वर जाते पण मॉनिटरला पाणी येत नाही, तर गाडी बंदच धरायची. पंधरा वर्षं भाग मिळतील अशी लेखी हमी.

तपासणीचा खर्चही आधीच धरा. एनएफपीएच्या देखभाल मानकात शिडीची विनाविध्वंस तपासणी निदान पाच वर्षांतून एकदा, आणि टायर सात वर्षांनी बदलायचे आहेत, नक्षी कितीही शाबूत दिसली तरी. शिडीच्या गाड्या फिरतात कमी, उभ्या राहतात जास्त. टायर झिजत नाही, आतून वाळतो.

तेलपाणी

चासीबद्दल दोन गोष्टी राहिल्या.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं मानक आलं. त्या इंजिनांत धुराची काजळी पकडणारा डीपीएफ असतो, तो अधूनमधून स्वतःला तापवून साफ करतो. शिडीची गाडी केंद्रापासून दोन-तीन किमी जाते आणि मग पीटीओवर (इंजिनाची ताकद शिडीच्या पंपाला देणाऱ्या जोडावर) तीन-चार तास इंजिनाच्या कमी फेऱ्यांत चालत राहते. असं वारंवार झालं की डीपीएफ भरतो, आणि इंजिन स्वतःची ताकद कमी करतं. पाळणा वर असताना हे नको. म्हणून काम चालू असताना साफसफाई रोखणारं बटण, केंद्रात उभ्या गाडीत ती हाताने करता येण्याची सोय, आणि आठवड्यातून एकदा गाडी महामार्गावर अर्धा तास नेण्याचा नियम. ॲडब्लूची (धूर साफ करायला लागणाऱ्या द्रवाची) टाकीही रोजच्या तपासणीत.

दुसरं, वजन. २०१८ च्या अधिसूचनेनंतर चार टायरच्या एका ॲक्सलला ११.५ टन चालतात. उत्पादक रिकाम्या गाडीचं वजन दाखवतो. त्यावर श्वसनयंत्रं, होज, कटर, जॅकखालच्या फळ्या, जवान हे सगळं चढतं. सगळं सामान आणि माणसं बसवून प्रत्येक ॲक्सल वजनकाट्यावर वेगळा तोला. एकूण वजन बसतं आणि मागचा ॲक्सल ओलांडतो, हे नेहमी घडतं.

माझगावकर (धागालेखक)

उत्तम चर्चा. पाहणीच्या यादीत रात्रीची मोजणी आणि पाळण्याच्या कोपऱ्याचं वळण घालतो.

एक शंका उरते. राष्ट्रीय इमारत संहितेत इमारतीभोवतीचा ६ मीटरचा रस्ता ४५ टनांचा बंब पेलणारा हवा आणि वळण ९ मीटर त्रिज्येचं. मग जॅकखालच्या जमिनीची वेगळी काळजी कशाला?

वर्दी१०१

कारण ४५ टन चाकांवर विभागलेले असतात आणि जॅकचा भार एका बिंदूवर येतो. १६ टनांची गाडी, शिडी एका बाजूला पूर्ण बाहेर. त्या कोपऱ्यातल्या एका जॅकवर १० टनही येऊ शकतात. जॅकची लोखंडी थाळी ४० सेंटिमीटर व्यासाची असेल तर दर चौरस मीटरला जवळजवळ ८० टन. त्याखाली ६० बाय ६० सेंटिमीटरची फळी टाकली की हाच आकडा २८ वर येतो. मोठ्या एएलपीला फळ्याही त्या प्रमाणात मोठ्या.

सोसायट्यांत गाडी उभी राहते ती पेव्हर ब्लॉकवर, आणि ब्लॉकखाली वाळू. काही ठिकाणी खाली तळघराचा स्लॅब असतो, आणि तो तिथे आहे हे वरून कळतही नाही. तळघराचा स्लॅब कुठे संपतो याची पिवळी रेघ आणि जॅकच्या जागांच्या खुणा सोसायटीने जमिनीवर मारून ठेवाव्यात, आणि वार्षिक तपासणीत त्या पाहाव्यात.

गाडीत चार फळ्या पुरत नाहीत, आठ ठेवा. एका बाजूला उतार असेल तर एकावर एक रचाव्या लागतात. मोठी फळी खाली, छोटी वर, आणि तंतू एकमेकांना आडवे. ओल्या मातीत जॅक लावल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा पातळी पाहा, पाळणा वर गेल्यावर एकदा, आणि मॉनिटर सुरू झाल्यावर पुन्हा एकदा. मॉनिटरचं पाणी भिंतीवरून परत येतं ते जॅकच्याच खाली साचतं.